अर्ध्या नंबरची गोळी

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. भाऊजींना बजावलंय, तुझं वाचून होईपर्यंत समोरून हलायचं नाही. आईचं ऑपरेशन नीट झालं, खुब्यात रॉड घातलाय. काल वॉकर धरून खिडकीपर्यंत गेली आणि नर्सला विचारत होती, माझी मोठी का येत नाही म्हणून. उशाशी मी आणि चौकशी तुझी. मला सवय आहे.

तुझा अर्धा जन्म चष्म्याच्या दुकानात गेला. नंबर मोठा म्हणजे डोळे अधू, अर्धा नंबर म्हणजे नसल्यातच जमा. गोळ्यांनाही तू तोच हिशेब लावलास. जिवाची ही धडधड आपल्या दोघींना एकाच घरातून मिळाली, बाबांच्या आरड्याओरड्यातून. तुला डॉक्टरांनी अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी दिली, मला माझ्या डॉक्टरांनी दहाची. झालं! तेव्हापासून तू शहाणी आणि मी वेडी. चारचौघांत मला ‘दहा नंबर’ म्हणून हाक मारायचीस. सगळे खिदळायचे, मीही दात काढायचे. आईने कुणाकडे राहायचं हे ठरतानाही तू तेच काढलंस, की हिची गोळी एवढी जबर, ही आईला काय सांभाळणार. मीही मान डोलावली, कारण मलाही ते खरं वाटायचं.

आणि चार दिवसांपूर्वी आईचा जीव घाबरा झाला, तर तू तुझीच गोळी तिला दिलीस. अर्धीच तर आहे म्हणून वर आणखी एक. आई झिंगली आणि बाथरूमच्या दारात कोसळली. इथल्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, दोन वेगळ्या औषधांचे आकडे शेजारी ठेवून त्यांचा जोर ठरवायचा नसतो. तुझी अर्ध्याची जवळजवळ माझ्या दहाच्या तोडीची आहे. तुझ्या गोळीचा अंमल लवकर ओसरतो, माझी दुसऱ्या दिवशीही अंगात रेंगाळते, एवढाच काय तो फरक. म्हणजे इतकी वर्षं आपण दोघी सारख्याच होतो, ताई. ऐकून बरं वाटायला हवं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. औषधाच्या दुकानात एका शब्दाने विचारलं असतंस, तर तुझं काय बिघडलं असतं?

एवढं सुनावण्यासाठी मी कागद खर्ची घातला नसता. सकाळी भाऊजी रडकुंडीला येऊन सांगत होते, आई पडली तेव्हापासून तू तुझ्या सगळ्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या आहेस. हात थरथरतात, डोळ्याला डोळा लागत नाही, आणि कुणाला सांगू देत नाहीस. स्वतःला शिक्षा करतेयस, तीही त्याच हिशेबाने, की अर्धीच तर आहे, सोडली तर काय होतंय. अगं, ही गोळी अशी एकदम तोडली तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू कमी करतात. मी तुला माफ केलेलं नाही, इतक्यात करणारही नाही. आई आता माझ्याकडे राहणार आहे, आणि त्यावरून माझ्याशी भांडायला तू मला धडधाकट हवी आहेस. भाऊजींनी गाडी काढून ठेवली आहे. चपला घाल आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा.

तुझीच,
धाकटी