सकाळची तिची, रातची माही

१५ जानेवारी, यवतमाळ

वहीबाई, माहं नाव तरी ध्यानात हाय का? का पान पलटलं की पुसलं? प्रभावती. बोरी अरबची. मले वाचता येत नाही अन् तुले आठवत नाही — जमली जोडी! म्हणून मी सांगते अन् शीला लिहिते. शीला कळंबची, अंगणवाडीत होती. अक्षर साजरं हाय म्हणे. दोघींच्याही छातीची कॅन्सरची गाठ काढली, दोघींची मशीनच्या किरणांची सिकाई चालू. म्हणून दवाखान्याजवळ एकाच खोलीत राहून राह्यलो.

१७ जानेवारी

डॉक्टरनं दोघींले बसवून समजावलं. मशीनची किरणं गाठीच्या जागेवर पडतात, पण मागं फुप्फुस असते, त्यालेही चटका बसते. महिन्या-दोन महिन्यांनी सूज येऊ शकते. कोरडा खोकला, दम. तो चटका कमी बसावा म्हणून एक गोळी तपासून राह्यले. काही बायांले खरी गोळी, काहींले तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाले कोणती, ते त्यालेही माहीत नाही म्हणते! एवढा शिकला अन् स्वतःच्या डबीत काय हाय ते ठाऊक नाही.

मी हसली. पण कागदावर अंगठा देताना शीलाचा हात धरला. मंग तिनं सही केली.

१८ जानेवारी

मालक जिनिंगात होते. रुईची धूळ खाऊन खाऊन फुप्फुस गेलं. शेवटी शेवटी उशीले टेकून बसत अन् श्वास मागत — जसं कोणी दारात उभं राहून मागते. मरणाले मी भेत नाही. तशा श्वासाले भेते.

माह्या डबीत नुसता खडू असला त?

२० जानेवारी

तोड काढली! एका ताटात जेवतो, एका साबणानं न्हातो, मंग गोळीच काहून वेगळी? दिवसाच्या दोन गोळ्या: सकाळी दोघींनी शीलाच्या डबीतली घ्यायची, रात्री दोघींनी माह्या डबीतली. एकीची खरी निघाली त दोघींले अर्धी-अर्धी. डब्या तपासल्या तरी गोळ्या बरोबर! शीला म्हणे, मावशी, हे बरं नाही. पण घेतली. आता लिहितानाही तोंड वाकडं करून राह्यली.

२४ फेब्रुवारी

सिकाई झाली. पुढच्या गोळ्यांच्या डब्या भेटल्या, त्याही आम्ही अर्ध्या-अर्ध्या वाटून घेतल्या. शीला आता कळंबच्या गाडीत बसन. वही मले देऊन जाते म्हणे. मले! काय वाचू?

११ एप्रिल, बोरी अरब

हे अक्षर माह्या सुनेचं, रुपालीचं. नाक मुरडू नको, वहीबाई.

शीलाचा फोन आला. एक वाक्य बोलाले तीनदा थांबली. फुप्फुसाले सूज. यवतमाळले भरती केलं.

मधात मधात मालकाचाच श्वास ऐकू आला मले.

१२ एप्रिल

खरी गोळी तिच्या डबीत असली त? मंग मी तिच्या तोंडातली अर्धी काढून घेतली.

रुपालीनं पेन खाली ठेवला. तिले हे ठाऊकच नव्हतं. लिही म्हटलं. ती म्हणे, "आई, आधी डॉक्टरले सांगा. मंगच लिहीन."

दिवसभर लिहिलं नाही तिनं. मी हो म्हटलं तेव्हा बसली.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक दारावरून गेली. दरवर्षी मी पुढं असते. आज खाटेवर बसून आपलाच श्वास ऐकत होती.

१६ एप्रिल

यवतमाळले जाऊन सांगितलं. डॉक्टर रागावला नाही — त्याचंच जास्त भेव वाटलं. चष्मा काढून बसला. म्हणे, आता दोघींच्या डब्यांत काय होतं ते वरून मागवा लागेल, अन् तुम्ही दोघी तपासातून बाहेर.

मंग शीलापाशी गेली. नाकाले नळी. मी काही बोलाच्या आधी तीच म्हणे, "मावशी, मी काय लेकरू होती? माह्या हातानं घेतली मी."

पायरी उतरताना मले खोकला आला. रुपालीले वाटलं, रडून राह्यली. तेव्हा वाटू दिलं; आता लिहिताना तिले समजलं.

१८ एप्रिल

डॉक्टरचा फोन. खरी गोळी माह्या डबीत होती. शीलाच्या डबीत काहीच नव्हतं! म्हणजे मी तिचं नाही घेतलं, माहं तिले गेलं. मी हसली, वहीबाई, मोठ्यानं हसली.

रुपाली नाही हसली. "आई, मंग तुमच्या वाट्याले अर्धीच आली न?"

तेच डॉक्टरले विचारलं होतं. तो म्हणे, पुरी घेतली असती तरी काय झालं असतं ते सांगता येत नाही. गोळी काम करते का, हेच तर पाहून राह्यलो होतो.

२ मे, यवतमाळ

अक्षर ओळखलं का, विसरभोळे? शीलाचं हाय. तिची नळी निघाली, माही काल लागली. तिच्या बाजूचीच खाट मागून घेतली. जास्त बोलवत नाही. एवढं शीला फोनवर रुपालीले वाचून दाखवीन — ज्वारीच्या कण्या अन् तुरीचं पातळ वरण पाठव. तिखट नको, खोकला उठते. दोघींच्या पोटापुरतं पाठव. ताट एकच.