सुकेळ्यांची तीन ताटं आणि माझं इंग्रजी

वसई, मार्च १९९८

आदरणीय मेहुणे विद्याधरभाऊ यांस,

प्रल्हादचा साष्टांग नमस्कार. (एरवी मी 'सप्रेम' लिहितो. या खेपेला गरज मोठी आहे म्हणून आडवा झालो.)

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? सुरुचीवहिनींचा खोकला? म्हैस व्याली का? आणि तुमची बहीण, म्हणजे आमची मंदा, कशी आहे? (शेवटी विचारलं म्हणजे ती म्हशीनंतर येते असं कृपा करून तिला सांगू नका.) फोनच केला असता, पण तुमच्याकडे तो मंदाच उचलते आणि माझा आवाज ऐकला की 'राँग नंबर' म्हणून ठेवते. ज्याच्या आवाजाला लाउडस्पीकर लागत नाही म्हणून पंचक्रोशीत ख्याती, तो मी आता राँग नंबर झालो आहे.

'चांदीपला ऊन कडक पडतं, सुकेळी वाळवायला आले,' असं तिने माहेरी पोचल्यावर तुम्हाला सांगितलं असणार. भाऊ, सोललेल्या, अर्ध्या वाळलेल्या राजेळी केळ्यांची पाटी आणि बांबूच्या चटया घेऊन कुठली बाई उन्हासाठी एसटीत बसते? समुद्रकाठच्या आमच्या वाडीत ऊन काय रेशनवर मिळतं? खरं कारण मी सांगतो. त्यासाठी जरा मागे जावं लागेल. (तुम्ही चहा मागवा.)

टँकरवाल्यांनी आमच्या विहिरी उपसून पाणी खारट केलं, त्याविरुद्ध मी गेल्या वर्षी सरकारी सुनावणीत बोललो. माझ्या कपाटातली जगभरची क्रांत्यांची पुस्तकं त्या दिवशी माझ्या तोंडून बोलत होती. टाळ्या पडल्या, म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. सुनावणी घेणारे साहेब परप्रांतातले, मराठी न कळणारे. त्यांनी शेजारच्या कारकुनाला विचारलं, "हे काय म्हणाले?" कारकून उत्तरला, "पाणी खारट आहे म्हणतात." तासाभराच्या गर्जनेचं एवढंसं लोणचं! त्याच संध्याकाळी मी शपथ घेतली की पुढच्या सुनावणीला साहेबाच्या कानात थेट इंग्रजीच ओतायचं, आणि चर्चच्या हॉलमध्ये मटिल्डा टीचर प्रौढांसाठी जो वर्ग घेतात त्यात नाव घातलं. माझ्या बाकावर फेबियन, आपला फुलवाला. त्याला गिऱ्हाइकांशी बोलायचं होतं, मला सरकारशी.

सुरुवात बरी गेली. मग आलं ते तुलनेचं प्रकरण. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. लहान शब्दाला शेपूट जोडायचं, लांब शब्दापुढे 'मोअर' आणि 'मोस्ट' असे भालदार-चोपदार उभे करायचे. 'गुड'ला मात्र कुठलाच नियम नाही, त्याचं एकदम 'बेटर' होतं. (चांगुलपणाला नियम लागत नाही, हे मला पटलं.) पण 'दॅन' आलं की पुढे दुसऱ्याचं नाव घ्यावंच लागतं, तिथे मी उभा राहिलो. म्हटलं, टीचर, ही साम्राज्यवाद्यांची भाषा आहे, हिला माणसं मोजल्याशिवाय चैन पडत नाही. आमची मराठी उदार आहे, ती प्रत्येकाला अतुलनीय म्हणते. टीचर शांतपणे म्हणाल्या, "अंकल, या एका वर्षात तुम्ही तीन मयतांना 'गावातला सर्वांत थोर माणूस' म्हणालात. तिन्ही फ्युनरलना मी होते. गाव एक, तर 'ग्रेटेस्ट' पण एकच. आधी ठरवा कोण ते." फेबियन इतका हसला की बाक हलला.

शेवटच्या दिवशी टीचरनी परीक्षा ठेवली ती पोटाची. प्रत्येकाने घरून काहीतरी आणायचं, ताटांवर नावं नाहीत, चाखायचं आणि उभं राहून तुलना करायची. घरच्यांनाही बोलावलं होतं. हंगामच असा की सुकेळ्यांची तीन ताटं आली. माझी पाळी आली आणि ती तिन्ही माझ्यापुढे सरकवली. भाऊ, समोर माणसं बसलेली, हाताशी टेबल. मला व्यासपीठ मिळालं की मी माझा राहत नाही. पहिलं चाखलं आणि गरजलो, "धिस इज स्वीट!" दुसरं, "धिस इज स्वीटर!" तिसरं तोंडात टाकलं, डोळे मिटले, दोन्ही हात वर केले आणि म्हणालो, "बट धिस! धिस इज द स्वीटेस्ट!" हॉल टाळ्यांनी दणाणला.

पहिलं ताट मंदाचं होतं. दुसरं फेबियनने बाजारातून विकत आणलेलं. आणि तिसरं आशालतावहिनींचं, म्हणजे आमच्या दादाच्या बायकोचं. त्या दोघी लग्न होऊन आल्यापासून एकाच अंगणात शेजारी शेजारी चटया टाकतात आणि एकमेकींच्या केळ्यांकडे बघत नाहीत असं दाखवत बघतात, हे तुम्ही जाणताच.

यात माझी चूक कुठे झाली तेही सांगतो. माझ्या प्रत्येक सभेत मंदा पहिल्या रांगेत बसते. तिने खांद्यावरचा पदर सारखा केला की मी समजतो, पुरे झालं, आता थांबावं. या एका खुणेमुळे गावाची जेवणं वेळेवर होतात. त्या दिवशी मी पहिलं ताट उचललं तेव्हाच तिने पदर सारखा केला होता. दुसऱ्याला पुन्हा केला. तिसऱ्याला तर बाई पदराशी कुस्तीच खेळत होती. मला दिसलं होतं, भाऊ! पण मला वाटलं, ती खूण मराठीसाठी आहे.

घरी आल्यावर ती दारात चप्पल काढताना म्हणाली, "दरवर्षी चार माणसांत माझ्या सुकेळ्यांना जगात तोड नाही म्हणता ते मराठीत. खरं बोलायला इंग्रजी लागलं होय तुम्हाला?" आणि वर, "बाजारचीसुद्धा माझ्यापेक्षा 'स्वीटर'!" टीचर शाबासकी देतील इतका अचूक वापर. सकाळी पाहतो तो अंगणात एकट्या वहिनींच्या चटया. त्याही बिचाऱ्या चुकल्यासारख्या दिसत होत्या. (चटयाही आणि वहिनीही. जिंकूनही त्यांना करमत नाही. बघत नाही असं दाखवायला समोर कोणी नको का?)

येत्या सोमवारी सुनावणी आहे. साहेब तेच आहेत. "अवर वॉटर इज सॉल्टिअर दॅन लास्ट इयर" इथपासून सगळं भाषण पाठ आहे. चुलीवर सकाळपासून भात आहे, तो 'हार्डर' झाला की 'सॉफ्टर' हे पाहायचं धैर्य नाही.

कळावे. लोभ तुमचा आहेच. तुमच्या बहिणीचा तेवढा परत मिळावा.

आपला,
प्रल्हाद

ता. क. मुख्य काम राहिलंच. सोमवारी तिला घेऊन या आणि पहिल्या रांगेत बसवा. मला इंग्रजीत सुरुवात करता येते, थांबता येत नाही. पदर हलला नाही तर साहेब उठून जातील आणि गावाच्या विहिरी गेल्या म्हणून समजा.

ता. क. दुसरा. मंदाला सांगा, टीचरच्या नियमाने 'बेस्ट' म्हणायला किमान तीन तरी लागतात. मला बायको एकच. तुलनेला आणखी दोन मी कुठून आणू?

ता. क. तिसरा. चिठ्ठी घेऊन फेबियन स्कूटरवर येतोय. तिच्या चटईवरची दोन सुकेळी गुपचूप त्याच्याकडे द्या. चांदीपच्या उन्हाने ती वहिनींच्याहून गोड झाली असतील तर मी सोमवारी भर सुनावणीत 'दॅन' लावून, नाव घेऊन जाहीर करीन. नसली झाली, तर त्या दिवशी मला सर्दी होती, जिभेला चव नव्हती, असं अंगणात उभा राहून सांगीन. भाऊ, तत्त्वासाठी मी दोनदा तुरुंगात गेलो, पण खोटं बोललो नाही. तिच्यासाठी तेही करायला तयार आहे. एवढं शेवटचं वाक्य तिला वाचून दाखवा. सर्दीचं मात्र नको.