दादावरचा गिला

ती. दादास शेंडेफळाचा नमस्कार.

मी मजेत आहे. शिवणखान्यात माझं मशीन आता खिडकीजवळ आलंय, उजेडाची चंगळ आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे?

शेजारच्या मशीनवरची बाई फारसी बोलते. ती म्हणते, मुकादमाकडे करायची ती तक्रार. गिला मात्र फक्त जिवाभावाच्या माणसाकडे करायचा. समोरच्याने कारणं द्यायची नाहीत, मुकाट ऐकून घ्यायचं. काल तिने फोनवर बहिणीकडे केला. आधी दोघी रडल्या, मग हसत बसल्या.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं मला परक्याकडून कळलं. ‘तिच्या जिवाला घोर नको’ असं तुम्ही ठरवलं असणार. दादा, माझा तुझ्यावर गिला आहे. कारणं कळवू नकोस. आईला आता सुईत दोरा ओवता येतो का, तेवढं लिही.

तुझीच,
धाकटी