गोठ्याला जास्त मार्क

सातपूर, नाशिक
१२ एप्रिल २००७

तीर्थरूप अण्णा,

तुम्हाला आणि आईला वाकून नमस्कार.

माझं बरं चाललंय, डबाही चांगला मिळतो. आईचा गुडघा कसा आहे? लाल गाय व्याली का?

आम्ही एका कारखान्याचं नवं ऑफिस बांधतोय. ते पर्यावरणाच्या नियमांप्रमाणे बांधायचंय, आणि त्याला परीक्षेसारखे मार्क असतात. सामान जवळपासचं वापरलं तर मार्क, भिंतींनी ऊन अडवलं तर मार्क, वारा आरपार गेला तर मार्क. पुण्याचे साहेब शिकवत होते, मी वहीत उतरवत होते, आणि डोळ्यांपुढे आपलं जुनं घर येत होतं. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर कौलं.

तेच मी पाडायला लावलं. इंजिनियर पोरीच्या बापाचं घर स्लॅबचंच हवं, असा हट्ट धरला.

काल शेजारचा महेश टोमॅटो घेऊन मार्केटला आला होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "अण्णा अन् काकू दुपारी गोठ्यातच आडवे होतात. स्लॅब लय तापतो. पण अण्णा म्हणले, सुवर्णाला सांगू नको, पोरीनं हौसेनं टाकलाय."

अण्णा, रागावले असते का हो मी?

स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारून घ्या, थोडा फरक पडेल. आणि गोठ्याची कौलं काढून पत्रे टाका असं मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते अजिबात ऐकू नका.

रविवारी येतेय. माझीही बाज गोठ्यातच टाका.

तुमची लाडकी, हट्टी
सुवर्णा