आबांच्या जखमेची नोंद

वाकोला, सांताक्रूझ पूर्व

यशवंतकाकांना सपनाचा सप्रेम जयभीम.

काल आबांचं पदक आलं. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या मांडीत गोळी लागली, पण सेवेच्या नोंदीत ती जखम लिहायचीच राहिली होती, म्हणून पदक अडलं होतं. तुम्ही त्यांच्याच तुकडीतले. ब्याऐंशीव्या वर्षी चार पानी जबाब लिहून दिलात, "कुंडलिकची जखम मीच बांधली," म्हणून. त्यावरच नोंद दुरुस्त झाली. तुमचे उपकार कसे फेडू?

पदकासोबतचं पत्र आबांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. म्हणाले, "यशवंताने लाज राखली गं!"

काका, ती लाज काढली होती मीच. कॉलेजात असताना घरी आलेल्या मैत्रिणींना म्हणाले होते, "कागदावर काही नाही, आबा नुसते फेकतात." त्यांनी ते ऐकलं. त्यानंतर त्यांनी घरात लढाईचा विषय काढला नाही. अर्जासाठी मी दोन वर्षं धावले, तर तुम्ही म्हणालात, "लेक असावी तर अशी!" मी ती शाबासकी घेतली.

हे पत्र टाकलं, तर तुम्ही लगेच आबांना फोन कराल. मी चुकले, हे त्यांनी आधी माझ्या तोंडून ऐकायला हवं. आत्ता ते गॅलरीत पदक पुसत बसलेत. मी जाते.

तुमची ऋणी,
सपना