ओळ संपल्यावर

पांढरकवडा, ता. १४ जून २००४

चि. सुरभी हिस, विमलआत्याचे अ. उ. आ.

इकडे सगळं खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. खरं म्हणजे माझ्या टायपिंग क्लासात आता तीनच पोरी उरल्या. कापसानं दोन वर्षं पार रडवलं, आणि अशा वेळी बाप मंडळी पोरीचं शिकणं आधी थांबवतात, मोटारसायकल नंतर विकतात.

समोरच जमीरनं कंप्युटर क्लास काढला आहे. हा माझाच जुना विद्यार्थी. म्याडम, माह्याकडे टायपिंग तुमीच शिकवा, फक्त एक परीक्षा देऊन टाका, असं तो म्हणाला. नाही जमलं तर माझा क्लास बंद, आणि तुझ्या बाबांनी पुण्यात माझ्यासाठी मागची खोली रंगवून ठेवली आहेच. घनश्यामची माया मला कळते गं, पण मला कोणाच्या मागच्या खोलीत म्हातारं व्हायचं नाही.

काल परीक्षा दिली आणि नापास झाले. एक अक्षर चुकलं नव्हतं. जमीरनं कागदाचा समास जरा वाढवला आणि माझं अख्खं पत्र मोडलं. एक ओळ पूर्ण, खाली एकच शब्द, पुन्हा पूर्ण ओळ, पुन्हा एक शब्द. तो बिचारा मान खाली घालून बसला. इतकी वर्षं शिकवलं आणि मलाच लाज वाटायची पाळी आली. काहून झालं असं, ते सांग. तुझा पगार याच कंप्युटरच्या विद्येवर होतो ना?

आत्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
विमलआत्या


पुणे, ता. २३ जून २००४

ती. आत्यास, सुरभीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं. आत्या, तू प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबलंस! टाइपरायटरवर घंटी वाजली की दांडा ढकलून कागदाची कॅरेज मागे आणायची, ती तुझी सवय. इथे ओळ आपोआप खाली जाते. एंटर दाबायचं ते परिच्छेद संपल्यावरच.

गंमत म्हणजे ती कळ तुम्हा टायपिंगवाल्यांचीच आहे. काही कीबोर्डांवर तिचं नाव अजून रिटर्न असतं, कारण कॅरेज खरोखर परत यायची. शिफ्ट दाबलं की तुझ्या यंत्रातला भाग खरोखर सरकायचा. इथे काहीच सरकत नाही, तरी नाव शिफ्टच. टॅबसुद्धा तक्ते टाइप करणाऱ्यांकडून आलेला. यंत्र बदललं, नावं तशीच राहिली. आमच्या कंपनीत या कळांना मराठी नावं द्यायचं काम माझ्याकडे आलंय. साहेबांना रिटर्नसाठी ‘प्रत्यागमन’ हवंय. मी म्हटलं, आधी आत्याला विचारते.

पुन्हा परीक्षा दे. बाबा तुझ्या खोलीला पंखा लावताहेत, तू नापास झाल्याचं मी त्यांना सांगितलेलं नाही.

हसल्याचा राग आला असेल तरी पत्र पाठवच.

तुझी,
सुरभी


पांढरकवडा, ता. १९ जुलै २००४

चि. सुरभी हिस, अ. उ. आ.

तुझ्या साहेबांना नमस्कार सांग. त्यांचं प्रत्यागमन म्हणून होईस्तोवर माझं अर्धं पान टाइप होईल. रिटर्नच राहू दे. इथल्या पोरी रिटन म्हणतात, कोणाचं काही अडत नाही.

तुझं पत्र वाचून आधी बरं वाटलं, परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसं. मग संताप आला. नावं तेवढी ठेवून घेतली आणि यंत्रं भंगारात घातली! हा राग अजून गेलेला नाही आणि मी तो घालवणारही नाही.

तुमची परीक्षा मी कायले घेऊ म्याडम, पास म्हणून लिहून देतो, असं जमीर म्हणाला. त्याला तिथंच झापलं आणि पुन्हा बसले. ओळ संपत आली की करंगळी आपसूक उचलली जायची, तिला आवरून धरलं. पास झाले. घरी येऊन खूप रडले. आनंदानं की कशानं, ते अजून कळलं नाही.

गेल्या सोमवारपासून शिकवते आहे. माझ्या तिन्ही पोरी माझ्यासोबतच आल्या. जमीरच्या नव्या पोरांसाठी मी माझं एक यंत्र उचलून नेलं आणि प्रत्येकाला एकदा दांडा ढकलायला लावला. घंटीला सगळे हसले.

घनश्यामला सांग, पंखा लावलाच आहेस तर काढू नकोस. दिवाळीला येते आहे. चार दिवस, पाहुणी म्हणून.

तुझी,
आत्या