झोपताना एक

धाकट्या,

तुझी तीन बोटं करवतीखाली गेली ती तुझ्या धांदरटपणामुळे नव्हे. वखारीत सगळे तसं म्हणाले आणि मी गप्प राहिलो.

माझ्या झोपेच्या गोळ्यांच्या पाकिटावर ‘झोपताना एक’ लिहिलं होतं. पहाटे जाग आली, पुन्हा आडवा झालो, म्हणून पुन्हा एक घेतली. सकाळी तू बंद करवतीतली ढलपी काढत होतास. “दादा, थांब,” म्हणालास. मला ते पांघरुणाआडून आल्यासारखं वाटलं आणि मी बटण दाबलं. तुझं रक्त तोंडावर उडालं तेव्हा कुठे जागा झालो.

नंतर ते पाकीट दाखवलं तेव्हा डॉक्टरीणबाई कडाडल्या, “रात्रीत एकच, काका. अन् सुस्ती असेल तर यंत्राजवळ फिरकायचं नाही.”

हे पत्र टाकणार नाही. वखारीत सगळ्यांदेखत सांगेन. त्या हाताची मूठ वळत असेल तर आधी मला मार.

तुझाच,
दादा